वहिवाट, दोरी आणि पेढा : यॉर्कशर डेल्समधला एक आठवडा

आमच्या घरी सहल ठरवताना 'काय बघायचं' हा पहिला प्रश्न नसतो. आईंचे (म्हणजे सासूबाईंचे) गुडघे किती चालतील, लेकीचा कंटाळा कुठल्या वळणावर सुरू होईल आणि पेढ्याला आत घेतील का, या तीन चाळण्यांतून जे खाली पडेल ते आमचं प्रेक्षणीय स्थळ. पेढा म्हणजे आमचा लॅब्राडॉर. वजन तीस किलोच्या घरात, अंगाने धष्टपुष्ट, मनाने भित्रा आणि खाण्याच्या बाबतीत तत्त्वशून्य.

मे अखेरच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही उत्तर इंग्लंडमधलं यॉर्कशर डेल्स निवडलं. हे राष्ट्रीय उद्यान १९५४ सालचं. पण आत शिरायला तिकीट नाही, फाटक नाही. गावं, शेतं, मेंढ्या, शाळा, दारूचे गुत्ते सगळं उद्यानाच्या पोटातच. जमीन बहुतेक खासगी मालकीची, तरी तिच्यातून कोणीही चालत जाऊ शकतो, कारण वहिवाट. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटा कायद्याने नोंदलेल्या आहेत. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेच्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर त्या हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात. प्रत्यक्ष जागेवर खांबाला बाण ठोकलेला असतो. पिवळा म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही मुभा.

बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या आईंना हे काही केल्या पटेना. "म्हणजे त्याच्या शेतातून आपण खुशाल जायचं आणि तो काही म्हणणार नाही?"

नाही म्हणणार. कुत्रा दोरीला असेल आणि मागचं दार नीट लावलेलं असेल तर. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की इथला सगळा व्यवहार या दोन गोष्टींवर उभा आहे.

शनिवार

मुक्काम वेन्स्लीडेल खोऱ्यात, हॉज गावाजवळच्या एका छोट्या घरात होता. जाताना वाटेत बोल्टन ॲबीला थांबलो. वॉर्फ नदीच्या काठावरचा हा मठ ११५४ सालचा. आठव्या हेन्रीने मठ बंद पाडले तेव्हा हाही गेला. पुढचा भाग गावचं चर्च म्हणून वापरात होता म्हणून त्याच्यावर छप्पर राहिलं, बाकीच्याच्या नुसत्या भिंती उरल्या. शेजारी नदी ओलांडायला दगड मांडलेले आहेत. लेक आणि नवरा दगडांवरून गेले, आई आणि मी पुलावरून. पेढा मधोमध पाण्यात बसला.

खरी बघायची जागा थोडी वर आहे, झाडीतून जाणाऱ्या वाटेने. इथे भरपूर रुंद असलेली वॉर्फ स्ट्रिड नावाच्या घळीत जेमतेम दोन मीटर उरते. नदीची रुंदी गेली ती सगळी खोलीत उतरते, आणि काठाचे खडक पाण्याखाली आतून कोरलेले आहेत. वरून पाहिलं तर वाटतं, मारावी उडी आणि जावं पलीकडे. असं वाटलेल्यांपैकी काही जण परत आले नाहीत, म्हणून जागोजागी धोक्याच्या पाट्या आहेत. इथली दंतकथाही कुत्र्याचीच आहे. एक तरुण सरदारपुत्र शिकारी कुत्र्याची दोरी हाताला धरून स्ट्रिडवरून उडी मारतो. कुत्रा ऐन वेळी कच खातो, दोरी ताणली जाते आणि मुलगा पाण्यात जातो. त्याच्या आईने शोकात हा मठ बांधवला, असं सांगतात. अभ्यासक ही गोष्ट खरी मानत नाहीत. मी मात्र ती वाचल्यावर पेढ्याची दोरी मनगटावरून काढून नुसती मुठीत धरली आणि सगळ्यांना काठापासून चांगलं दहा पावलं मागे ओढलं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. बोल्टन ॲबीच्या नदीकाठी कुत्र्यांचं स्वागत आहे, पण याच जहागिरीतल्या वरच्या माळांवर, जिथे ग्राउस पक्षी पाळले-राखले जातात, तिथे नोंदलेल्या वाटा सोडल्या तर कुत्र्यांना मज्जाव आहे. 'चालायला मोकळं' आणि 'कुत्र्याला मोकळं' यात फरक असतो. प्रत्येक फाटकावरची पाटी वाचायला हवी.

रविवार

पाऊस. एझगार्थच्या धबधब्यांना पाऊस चालतो, किंबहुना हवाच असतो. यूर नदी इथे तीन टप्प्यांत चुनखडीच्या पायऱ्यांवरून उतरते. उंची फार नाही, पसारा मोठा. वरचा टप्पा पुलाजवळच आहे. मधल्या आणि खालच्या टप्प्याला फ्रीहोल्डर्स वुड नावाच्या जंगलातून जावं लागतं. वाट सरळ, बांधलेली. आई छत्री घेऊन चालल्या आणि कुठेही हात मागितला नाही.

मला धबधब्यापेक्षा जंगल आवडलं. हेझलची झाडं बुंध्यापाशी छाटतात, मग त्याच खोडातून नव्या सरळ काठ्या फुटतात. आळीपाळीने वेगवेगळे तुकडे छाटत गेल्यामुळे कुठे उजेड, कुठे दाट सावली. शेजारच्या कार्पर्बी गावातल्या काही घरांना इथलं लाकूड गोळा करायचा पूर्वापार हक्क आहे. हे ऐकून आई एकदम खूश. "हे कळलं बघ मला. गायरानासारखं."

सोमवार

बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी. अर्धं इंग्लंड रस्त्यावर येणार, म्हणून आम्ही गाडीला हातच लावला नाही. घरामागच्या शेतातूनच एक वाट जात होती, तिच्यावर जाऊन आलो.

इथल्या भिंतींबद्दल बोलायलाच हवं, कारण कुत्र्याला घेऊन चालणाऱ्याचं सगळं भांडण भिंतींशी असतं. डेल्समध्ये अशा हजारो किलोमीटर भिंती आहेत, नुसत्या दगडावर दगड ठेवून रचलेल्या, चुना नाही की सिमेंट नाही. दोन बाजूंना दोन थर, मध्ये बारीक दगडांची भर, अधूनमधून दोन्ही थरांना बांधून ठेवणारा लांब दगड आणि वर उभ्या दगडांची रांग. बऱ्याचशा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सामायिक जमिनी वाटून घेतल्या तेव्हाच्या. वाट भिंतीपाशी आली की पलीकडे जायचे प्रकार निरनिराळे. साधं दार असेल तर देव पावला. किसिंग गेट असेल तर अर्धगोलात एकेकाने शिरून दार इकडून तिकडे ढकलायचं. पेढा आणि मी एकाच वेळी आत मावत नाही, पण त्याला ते मान्य नाही. कधी भिंतीतच बाहेर काढलेले दगड पायऱ्यांसारखे असतात. आणि कधी भिंतीत नुसती फट असते, माणसाचा पाय जाईल आणि मेंढी अडकेल एवढी.

सोमवारची वाट फटींची निघाली. पहिल्या फटीत पेढ्याचं डोकं गेलं, खांदे गेले, आणि मग तो थांबला. ओरडला नाही, धडपडला नाही. मागे वळून माझ्याकडे बघत राहिला, जणू हे मीच ठरवून केलंय. नवऱ्याने पलीकडून बिस्किट दाखवलं आणि तीस किलोंचा देह लोण्यातून सुरी जावी तसा सुटला. त्यानंतरच्या फटींना त्याने बिस्किटाशिवाय हात लावला नाही. मोठा कुत्रा, बाबागाडी किंवा गुडघेदुखी यांपैकी काहीही सोबत असेल तर उद्यानाने खास भिंतीवरच्या पायऱ्या टाळून आखलेल्या वाटा आहेत, त्या आधी शोधाव्यात. आईंसाठी आम्ही त्याच बघितल्या होत्या. हा दिवस पेढ्याच्या नावावर गेला.

मंगळवार

हॉजचा बाजार मंगळवारी भरतो. वेन्स्लीडेल चीज याच खोऱ्यातलं. मूळ कृती फ्रान्सहून आलेल्या भिक्षूंनी आणली. पांढरं, भुसभुशीत, किंचित आंबट. आईंनी कोपऱ्याएवढा तुकडा जिभेवर ठेवून "बरं आहे" म्हटलं आणि दुसरा तुकडा न मागता उचलला. पेढ्याला मिळाला नाही, असं अधिकृतपणे सांगण्यात आलं.

हॉजहून हार्ड्रॉला शेतांतून वाट जाते. ही पेनाइन वेचाच एक तुकडा. १९६५ साली सुरू झालेली ही इंग्लंडमधली पहिली राष्ट्रीय पायवाट, एकूण लांबी ४३० किलोमीटरच्या आसपास. आम्ही त्यातले जेमतेम अडीच चाललो, पण लेकीने वर्गात सांगण्यासाठी 'पेनाइन वे केला' असं वाक्य तयार ठेवलं आहे.

एका फाटकापाशी नवरा थांबला. पलीकडे गाई होत्या, सोबत वासरं. मेंढ्यांपासून कुत्र्याला जपायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. गाईंपासून कुत्र्याला, आणि कुत्र्यामुळे स्वतःला, जपायचं हे कमी लोक ध्यानात घेतात. वासरं असलेल्या गाई कुत्रा दिसला की अंगावर येऊ शकतात. अशा वेळी लांबून वळसा घ्यावा, गाय आणि वासरू यांच्या मध्ये जाऊ नये, पळू नये. आणि तरीही आल्याच तर दोरी सोडून द्यावी.

"सोडून?" लेक घाबरली. "पेढ्याला?"

"त्यांचा राग त्याच्यावर असतो. तो आपल्यापेक्षा जोरात पळतो. आपण दोरी धरून राहिलो तर तिघंही सापडतो."

लेकीने पेढ्याच्या पोटाकडे पाहिलं. तो जोरात पळेल यावर तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. आम्ही भिंतीला धरून लांबचा वळसा घेतला. गाईंनी मान वर केली, वासरांपैकी एक दोन पावलं आलं, बास.

हार्ड्रॉ फोर्स हा धबधबा ग्रीन ड्रॅगन नावाच्या जुन्या पबच्या आवारातून जाऊन बघतात, वेगळं तिकीट काढून. सुमारे ३० मीटरची एकच सलग धार. उघड्यावरच्या अशा धबधब्यांत इंग्लंडमध्ये हाच सर्वांत उंच मानतात. छान आहे. पण सह्याद्रीतला श्रावण पाहिलेल्या माणसाला धारेची जाडी जरा कमीच वाटते, हे आईंनी मोठ्याने सांगितलं. मराठीत, सुदैवाने.

बुधवार

या दिवसासाठीच मी हा भाग निवडला होता. हॉजपासून सहा मैलांवर गार्सडेल हे स्टेशन आहे, आजूबाजूला गाव म्हणावं असं काही नाही. सेटल ते कार्लाइल या रेल्वेमार्गावरचं. फलाटावर एका बॉर्डर कोलीचा, म्हणजे मेंढ्या राखणाऱ्या जातीच्या कुत्र्याचा, ब्राँझचा पुतळा आहे, २००९ साली बसवलेला. त्याचं नाव रस्वॉर्प.

१९८० च्या दशकात ही लाइन बंद करायचं घाटत होतं. रिबलहेडच्या मोठ्या पुलाच्या दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, हे त्यामागचं मोठं कारण. लोकांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या. लाइन वाचवण्यासाठी जी संघटना उभी राहिली तिचे पहिले सचिव ग्रॅहम नटॉल. त्यांचा कुत्रा रस्वॉर्प या लाइनवर भाड्याचं तिकीट काढून प्रवास करत असे, म्हणून प्रवासी या नात्याने त्याचीही हरकत पंजाच्या ठशासह दाखल झाली आणि ती धरली गेली. १९८९ च्या एप्रिलमध्ये सरकारने लाइन बंद न करण्याचा निर्णय दिला.

पुढच्याच जानेवारीत नटॉल रस्वॉर्पला घेऊन वेल्समधल्या डोंगरांत एका दिवसासाठी फिरायला गेले आणि परतले नाहीत. शोध घेऊनही सापडले नाहीत. ७ एप्रिल १९९० रोजी एका वाटसरूला ओढ्याकाठी त्यांचा मृतदेह दिसला. रस्वॉर्प शेजारीच होता. चौदा वर्षांचा म्हातारा कुत्रा, हिवाळ्याचे अकरा आठवडे उघड्यावर. इतका खंगला होता की त्याला उचलून खाली आणावं लागलं. मालकाच्या अंत्यविधीपर्यंत तो जगला, त्यानंतर फार नाही.

हे सगळं मी फलाटावर उभ्याने सांगितलं. नवरा बूट बघत होता. लेक पुतळ्याच्या कानावरून हात फिरवत होती. आईंनी विचारलं, "अकरा आठवडे त्याने खाल्लं काय असेल गं?" मला सांगता आलं नाही. पेढ्याने पुतळा सर्व बाजूंनी हुंगला, याच्याकडून काही मिळण्यासारखं नाही असा निष्कर्ष काढला आणि आईंच्या पिशवीकडे वळला.

गाडीत कुत्र्यांना भाडं पडत नाही. प्रत्येक प्रवाशाला दोन कुत्री फुकट नेता येतात. म्हणजे रस्वॉर्पच्या तिकिटाचा मुद्दा आज चालला नसता, असं नवरा म्हणाला. डेंट हे इंग्लंडच्या मुख्य रेल्वेमार्गांवरचं सर्वांत उंच स्टेशन गेलं, मग ब्ली मूरचा लांब बोगदा, आणि मग गाडी पुलावर आली. आतून फक्त वारा आणि माळ दिसतो. पूल बघायचा तर रिबलहेडला उतरून पायथ्याशी जायला हवं.

चोवीस कमानी, चारशे मीटर लांबी, सर्वांत उंच भागी ३२ मीटर. १८७४ मध्ये बांधून पूर्ण झाला. आज तिथे गवत, मेंढ्या आणि चहाची एखादी गाडी. तेव्हा मजुरांच्या झोपड्यांच्या वसाहती होत्या, बायकामुलांसह. वसाहतींना नावं दिली होती सेबास्टोपोल, इंकरमन, जेरिको. अपघात आणि देवीच्या साथीत इतके गेले की जवळच्या चॅपल-ल-डेलच्या छोट्या चर्चच्या आवारात शंभरावर लोक पुरले आहेत. आई कमानीखाली उभ्या राहून वर बघत म्हणाल्या, "बोरघाट असाच झाला असेल."

पायथ्याचा माळ मोकळ्या प्रवेशाचा आहे, म्हणजे वाट सोडूनही पायी फिरायची कायद्याने मुभा असलेला. अशा जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीला हवा, कारण जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा हा विणीचा काळ. आणि गुरं-मेंढ्या जवळ असतील तर वर्षभर. आमची घरची लांबत जाणारी गुंडाळी-दोरी इथे चालत नाही, म्हणून साधी चामड्याची आणली होती. वारा एवढा की बोलणं उडून जात होतं. आईंनी पदराऐवजी लेकीची लोकरी टोपी घातली आणि फोटो काढू दिला नाही.

गुरुवार

हॉजहून बटरटब्ज घाट चढून पलीकडे स्वेलडेल खोऱ्यात उतरलो. घाटात चुनखडीत खोल विहिरी आहेत; बाजाराला लोणी नेणारे शेतकरी विसावा घेताना थंड राहावं म्हणून लोणी त्यांत सोडत, असं सांगतात. पलीकडे म्यूकर गाव, आणि गावामागे गवताची कुरणं.

सगळ्या आठवड्यात कुठलं एकच ठिकाण निवडायचं तर मी हे निवडेन. गावातून निघालेली वाट एकामागून एक कुरणं ओलांडत नदीकडे जाते. वाटेवर फरशा घातल्या आहेत, एका माणसाच्या रुंदीच्या. प्रत्येक भिंतीत फट आणि फटीला स्प्रिंगचं बुटकं लाकडी दार, आपोआप बंद होणारं. दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत आणि त्यात पिवळी बटरकप, जांभळी क्रेन्सबिल. मी एका जागी वाकून पाहिलं: हाताच्या ओंजळीएवढ्या जागेत पाच-सहा तऱ्हेची पानं. त्यातलं यलो रॅटल नावाचं पिवळ्या फुलांचं रोप गवताच्या मुळांतून रस शोषतं. गवत त्याने कमजोर होतं आणि म्हणूनच बाकीच्या फुलांना जागा मिळते. शेतकऱ्यांनी खत ओतलं असतं तर गवत माजलं असतं आणि हे सगळं गेलं असतं. देशातल्या बहुतेक जुन्या कुरणांचं तेच झालं. इथे जुलैत बी गळल्यावर कापणी करायची रीत टिकली आहे.

पाटीवर लिहिलं होतं, एका रांगेत चाला, कुत्रा दोरीला ठेवा. लेकीने विचारलं, "फुलं तुटतात म्हणून?" फुलांचं आहेच. पण हे गवत म्हणजे हिवाळ्याचा चारा. तुडवलेलं गवत कापता येत नाही. आणि कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी गाईंच्या पोटात गेला तर गाभण गाई गाभडतात. म्हणून पिशवी खिशात हवीच, आणि भरलेली पिशवी कचऱ्याच्या डब्यापर्यंत हातात हवी. ती गाठ मारून झाडाला टांगून जाणारी माणसं इथेही आहेत. ती नेमकी कोणासाठी टांगतात, कोण जाणे.

आमची वरात अशी निघाली: पुढे लेक, दार धरायला, मग आई, मग पेढा, मग मी, शेवटी नवरा, दार बंद झालं का बघायला. समोरून कोणी आलं की फरशीवर कोण उभं राहणार यावर दोन्ही बाजूंनी 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' चालायचं. नदीवरच्या पादचारी पुलापर्यंत गेलो, पेढ्याला पोटभर पाणी पाजलं, परतलो. अंतर किरकोळ, वेळ मात्र अख्खी सकाळ.

शुक्रवार

परतीच्या वाटेवर मॅलम. सकाळी लवकर पोचलो म्हणून गाडी लावायला जागा मिळाली.

मॅलम कोव्ह हा सुमारे ८० मीटर उंचीचा चुनखडीचा अर्धगोल कडा. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या पाण्याचा धबधबा इथून पडे. २०१५ च्या डिसेंबरमधल्या वादळी पावसात तो थोडा वेळ पुन्हा वाहिला. आता पाणी कड्याच्या पायातून निघतं. पायथ्यापर्यंतची वाट आईंच्या गुडघ्यांना झेपली. ससाणे कड्यात घरटी करतात. कोणीतरी दुर्बीण दिली, पण आईंना ससाणा काही सापडला नाही, पलीकडच्या काठावर मुलाला भरवणारी बाई मात्र स्पष्ट दिसली.

वर जायला चारशेच्या आसपास पायऱ्या, आणि माथ्यावर दगडी फरसबंदी: पावसाने चुनखडी विरघळून लाद्या झालेल्या, मध्ये खोल चिरा. लेक आणि नवरा गेले. पेढ्याला पाठवलं नाही. झिजून गुळगुळीत झालेल्या दगडावर कुत्र्याची नखं धरत नाहीत आणि चिरेत पाय गेला तर मोडतोच.

दुपारी जॅनेट्स फॉसकडे. छोटासा धबधबा, मागे गुहा, गुहेत पऱ्यांची राणी जॅनेट राहते म्हणे. तिथवर नेणारं रान रानलसणीने भरलेलं, शेवटची पांढरी फुलं अजून होती. "अगं, कोण फोडणी देतंय?" आई थबकल्या. सुरेख वास, पण कुत्र्यांना लसूण-कांद्याचं कुळ विषारी असतं, आणि आमच्याकडे तत्त्वशून्य कुत्रा. रान संपेपर्यंत त्याचं तोंड वर धरून चालले.

तिथून गॉर्डेल स्कार हाकेच्या अंतरावर. वळण घेतलं की शंभर मीटरच्या भिंती दोन्हीकडून अंगावर येतात. पुढे धबधब्याशेजारून खडक चढायचा असतो, तिथून आम्ही परत फिरलो.

बाहेरच्या शेतात एक शेतकरी क्वाड बाइकवर, दोन कोली बरोबर. त्याने शीळ घातली, एक कुत्रा डावीकडून लांब वळसा घेत पळाला, दुसऱ्या शिळेला जागच्या जागी जमिनीला चिकटला. पंधरावीस मेंढ्या, काळी तोंडं आणि वळलेली शिंगं, एकगठ्ठा होऊन दारातून आत. पेढा हे सगळं आईंच्या मागे बसून बघत होता.

शेतकरी आमच्यापाशी थांबला. दोरीकडे बघितलं, लेकीने धरून ठेवलेल्या दाराकडे बघितलं, मान हलवली. मग पेढ्याकडे बोट करून लेकीला विचारलं, "हा काय काम करतो?"

लेकीने खूप विचार केला. "जेवतो," ती म्हणाली.

"आमच्या धाकट्या मुलाला भेटव कधी याला," तो म्हणाला आणि बाइक सुरू करून मेंढ्यांमागे गेला.